शरियतनुसार चालणारी बँक: देखरेख कोण करतं, चूक कुठे होते? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गोव्यातल्या क्वचितच एखाद्या वाड्यावरचं कोणी आखातात नसेल. त्यामुळे हे प्रश्न मस्कत-दुबई-कुवेतला नोकरी करणाऱ्यांकडून, त्यांच्या घरच्यांकडून, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांकडून आणि मडगाव-म्हापशाच्या सीए कार्यालयांतून येत राहतात. इथली उत्तरं कामकाजाची माहिती देतात. ती फतवा नव्हेत.

१. इस्लामी बँक म्हणजे व्याज न घेणारी बँक, एवढंच ना?

एवढंच नाही. व्याज, म्हणजे रिबा, वर्ज्य आहेच. पण करारातली घातक संदिग्धता (घरर), जुगार (मैसिर) आणि दारू-डुकराचं मांस यांसारख्या निषिद्ध वस्तूंचा व्यवहारही वर्ज्य आहे. मग बँक कमावते कशावर? वस्तू विकत घेऊन नफ्यावर विकते (मुराबहा), वस्तू भाड्याने देते (इजारा), किंवा धंद्यात भागीदारी करते (मुदारबा, मुशारका). भागीदारी समजायला आपली रापण पुरे. मासळी लागली तर ठरल्याप्रमाणे वाटे पडतात. जाळं रिकामं आलं तर दोर ओढणाऱ्याचे श्रम वाया जातात आणि जाळंवाल्याचा खर्च बुडतो. कोणी कोणाला ठराविक रक्कम देणं लागत नाही.

पुढची सगळी उत्तरं एका मुद्द्यावर उभी आहेत: वस्तू कोणत्या क्षणी कोणाच्या मालकीची होती, आणि त्या क्षणी तिची जोखीम कोणावर होती. करारावरचं अरबी नाव नंतर बघायचं.

२. पणजीत किंवा मडगावात अशी बँक आहे का?

नाही. गोव्यात नाही आणि भारतात कुठेही परवानाधारक इस्लामी बँक नाही. १९४९च्या बँकिंग नियमन कायद्यात कलम ५(ब) बँकिंगची व्याख्याच 'परत करायच्या ठेवी घेणं' अशी करतं. त्यामुळे ठेवीदाराने तोटा सोसण्याची कल्पना तिथे बसत नाही. कलम ८ बँकेला मालाची खरेदी-विक्री करू देत नाही, म्हणून मुराबहा अडतो. कलम ९ नुसार स्वतःच्या वापराची नसलेली स्थावर मालमत्ता सात वर्षांपलीकडे ठेवायची तर रिझर्व्ह बँकेची मुदतवाढ लागते, म्हणून वीस वर्षांचा घराचा इजारा अडतो.

रघुराम राजन समितीने २००८मध्ये व्याजमुक्त बँकिंगची शिफारस केली होती. दीपक मोहंती समितीने २०१५मध्ये नेहमीच्या बँकांत व्याजमुक्त खिडक्या, म्हणजे वेगळे विभाग, सुचवले. २०१७मध्ये माहिती अधिकाराखालच्या उत्तरात रिझर्व्ह बँकेने प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय कळवला. तेव्हापासून विषय तिथेच आहे.

काही राज्यांत सभासदांपुरत्या व्याजमुक्त सहकारी पतसंस्था चालतात. तिथे एकच गोष्ट तपासा: सेवाशुल्क खऱ्या खर्चाएवढं आहे का. कर्जाची रक्कम दुप्पट केल्यावर शुल्कही दुप्पट होत असेल, तर ते नाव बदललेलं व्याज आहे.

३. शरियत मंडळ म्हणजे नक्की काय? त्याच्या हातात काय असतं?

इस्लामी व्यापारी कायदा जाणणाऱ्या विद्वानांची समिती. आओइफी ही बहरीनस्थित मानकसंस्था (स्थापनेचा करार १९९०चा, अल्जीयर्समधला) किमान तीन सदस्य सांगते. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२०च्या मानकात बँकेसाठी किमान पाच आहेत, मलेशियातही पाच.

मंडळ करारांचे नमुने, अर्ज, जाहिरातीचा मजकूर आणि नफावाटपाची रीत तपासतं. त्याचा निर्णय व्यवस्थापनावर बंधनकारक असतो. सल्ला म्हणून घेऊन बाजूला ठेवायची मुभा नसते. वर्षाच्या शेवटी वार्षिक अहवालात मंडळाचा स्वतंत्र अहवाल छापला जातो.

मात्र बँक शरियतनुसार चालवण्याची अंतिम जबाबदारी संचालक मंडळाचीच राहते. 'विद्वानांनी सही केली होती' हा संचालकांचा बचाव होऊ शकत नाही.

४. विद्वानांचं मानधन बँकच देते. मग ते नाही कसं म्हणणार?

ही शंका रास्त आहे, आणि ती पूर्ण मिटलेली नाही. उपाय मात्र आहेत. आओइफीच्या मानकात नेमणूक भागधारकांच्या सर्वसाधारण सभेत होते. बँकेचा संचालक किंवा मोठा भागधारक सदस्य होऊ शकत नाही. मानधन ठराविक असावं लागतं, विक्रीच्या टक्क्यावर नाही. मलेशियात एक विद्वान एका वेळी एकाच इस्लामी बँकेच्या समितीवर बसू शकतो आणि त्याच बँकेत नऊ वर्षांपेक्षा जास्त राहू शकत नाही. आखातात मात्र तीच काही नावं अनेक मंडळांवर दिसतात.

याहून परिणामकारक उपाय म्हणजे मध्यवर्ती बँकेच्या पातळीवरचं वरिष्ठ मंडळ. मलेशियात ते १९९७पासून आहे, अमिरातीत २०१८पासून काम करतं. खालच्या मंडळाला वरच्याशी विसंगत निर्णय देता येत नाही, म्हणून सोयीचा फतवा शोधत फिरण्याची वाट अरुंद होते.

५. मंडळ तर तीन महिन्यांतून एकदा बसतं. रोज कोण बघतं?

तीन फळ्या असतात. पहिली काउंटर आणि विक्री विभाग, जिथे कागद भरले जातात. दुसरी शरियत नियंत्रण विभाग: नव्या योजना तपासणं, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, मंडळाचे ठराव शाखांपर्यंत पोचवणं. तिसरी अंतर्गत शरियत लेखापरीक्षण. ते विभागप्रमुखांना नव्हे, मंडळाला आणि लेखापरीक्षण समितीला अहवाल देतं. बहरीनमध्ये यावर बाहेरच्या स्वतंत्र संस्थेचं शरियत परीक्षणही सक्तीचं आहे.

अनुभव असा की चुका फतव्यात कमी आणि पहिल्या फळीत जास्त सापडतात.

६. मुराबहाने गाडी घेतली तर नेमके टप्पे कोणते? लेखापरीक्षक काय शोधतात?

समजा मस्कतमध्ये गाडीची किंमत ६,००० रियाल. बँक ती विकत घेऊन तुम्हाला ६,९०० रियालला विकते आणि ११५ रियालचे ६० हप्ते पडतात. क्रम असा हवा:

१) तुम्ही डीलरचं कोटेशन आणता. ते बँकेच्या नावे असावं.
२) गाडी घेण्याचं वचन देता. हे वचन आहे, विक्री नव्हे.
३) बँक डीलरकडून गाडी खरेदी करते आणि पैसे थेट डीलरला देते.
४) गाडी बँकेच्या ताब्यात येते. प्रत्यक्ष, किंवा डिलिव्हरी चलन आणि चॅसी क्रमांकाच्या आधारे ताबा मिळालेला असतो.
५) त्यानंतरच बँक आणि तुमच्यात विक्रीचा करार होतो. मूळ किंमत आणि नफा दोन्ही त्यात लिहिलेले असतात.
६) तुम्ही गाडी नेता.

तिसऱ्या आणि पाचव्या टप्प्यामधला वेळ अर्ध्या तासाचा असला तरी चालतो, पण तो असावा लागतो. त्या वेळात शोरूममध्ये गाडी जळाली तर नुकसान बँकेचं. ही जोखीम घेतली म्हणूनच नफा हलाल ठरतो.

गडबड इथे होते. विक्री कर्मचारी ग्राहकाचे हेलपाटे वाचवायला सगळ्या सह्या एकाच बैठकीत घेतो आणि पाचव्या टप्प्याची सही तिसऱ्याच्या आधी पडते. ग्राहकाने डीलरला आधीच पूर्ण पैसे देऊन गाडी स्वतःच्या नावे केलेली असते. मग बँक विकणार काय? ते निव्वळ कर्ज झालं. बयाणा ग्राहकाने स्वतःच्या नावाने भरला असेल, तर मूळ व्यवहार रद्द करून बँकेच्या नावे नवा करावा लागतो. कधी विकणारा डीलर खुद्द ग्राहकाचीच कंपनी निघते. म्हणून लेखापरीक्षक बिल, पेमेंटची नोंद, चलन आणि करार शेजारी ठेवून तारीखच नव्हे, वेळही जुळवतात. मागची तारीख टाकून क्रम सुधारणं हा वेगळा आणि जास्त गंभीर गुन्हा.

७. हप्ता थकला तर दंड लागतो. मग ते व्याजच नाही का?

बँकेने तो स्वतःच्या उत्पन्नात धरला तर होय. म्हणून करारात ग्राहक 'उशीर झाला तर इतकी रक्कम दानाला देईन' असं लिहून देतो. ती रक्कम खातेवहीत वेगळ्या धर्मादाय खात्यात जाते आणि मंडळाच्या देखरेखीखाली वाटली जाते. वसुलीचा प्रत्यक्ष खर्च बँक घेऊ शकते, पण पावतीसह. ६,९०० रियालची विक्रीकिंमत कोणत्याही कारणाने वाढत नाही. वार्षिक अहवालात धर्मादाय खात्याचा आकडा शोधा. तो कुठेच नसेल, तर दंड गेला कुठे हे विचारायला हवं.

८. लवकर फेडलं तर उरलेला नफा माफ होतो?

हक्क म्हणून नाही. किंमत एकदाच ठरलेली असते आणि आओइफीच्या दृष्टीने सूट (इब्रा) करारात आधी कबूल केलेली नसावी. बँक स्वेच्छेने देऊ शकते. मलेशियाने मात्र ती करारातच लिहायला लावली आहे. सही करण्याआधी बँकेचं लेखी धोरण मागून घ्या.

९. इजाराचं घर किंवा गाडी असेल तर काय तपासावं?

भाडं कधीपासून चालू होतं, ते. वस्तू वापरायला हाती आल्यावरच भाडं लागू होतं. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचं भाडं ताब्याआधी कापलं असेल, तर ते परत करावं लागतं किंवा पुढच्या भाड्यात वळतं करावं लागतं. दुसरी गोष्ट दुरुस्तीची. रोजची देखभाल भाडेकरूची, पण रचनेची मोठी दुरुस्ती आणि विमा (तकाफुल) मालकाचा, म्हणजे बँकेचा. विक्री विभाग हा खर्च ग्राहकावर ढकलतो, हा नेहमीचा दोष. तिसरं, वस्तू पूर्ण नष्ट झाली तर भाडं थांबतं. 'काहीही झालं तरी भाडं देईन' असं कलम दिसलं तर तो इजारा नव्हे.

१०. ठेवीवर ‘अपेक्षित नफा ४ टक्के’ लिहिलंय. ही हमी आहे का?

चालू खातं असेल तर मुद्दल सुरक्षित असतं, कारण ते बँकेला दिलेलं बिनव्याजी कर्ज (कर्द) मानतात आणि त्यावर काही मिळत नाही. मुदारबा ठेव असेल तर ४ टक्के हा अंदाज आहे. करारात नफ्याचं प्रमाण लिहिलेलं असतं, समजा ६०:४०. तोटा झाला तर तो ठेवीदाराचा, बँकेचा निष्काळजीपणा नसेल तर.

मग प्रत्यक्षात आकडा दर वर्षी जवळपास तोच कसा येतो? बँका बऱ्या वर्षी नफ्यातून थोडं बाजूला काढून वाईट वर्षी घालतात. याला नफा-समतोल राखीव निधी म्हणतात. मंडळाने तपासायचं ते हे: निधीत पैसे टाकण्याचा नियम ठेवीदाराला आधी सांगितला होता का, आणि आज खातं बंद करणाऱ्याच्या वाट्याचं काय होतं.

११. मला गोव्यात घर घ्यायचंय. दुबईतली बँक म्हणते, ‘धातू विकत घ्या आणि विका.’ हा काय प्रकार आहे?

हा तवर्रुक. बँक बाजारातून धातू घेते, तुम्हाला उधारीवर नफ्यासह विकते, आणि तुमच्या वतीने तोच धातू तिसऱ्याला रोखीने विकून पैसे तुमच्या खात्यात टाकते. तुम्ही धातू कधी बघतच नाही.

बँक सरळ गोव्यातलं घर विकत घेऊन तुम्हाला का विकत नाही? कारण परदेशी बँकेच्या नावावर भारतातली स्थावर मालमत्ता करायला फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायदा आड येतो. म्हणून रोख रक्कम देणारा हा मार्ग पुढे केला जातो.

यावर मतभेद खरे आहेत. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने २००९मध्ये शारजाच्या बैठकीत असा संघटित तवर्रुक नाजायज ठरवला. आओइफीचं मानक अटींसह तवर्रुकला जागा देतं. ओमानच्या २०१२च्या चौकटीने त्याला मनाई केली. अमिरातीत आणि मलेशियात तो चालतो. म्हणजे एकच ग्राहक, एकच घर, पण मस्कतला 'नाही' आणि दुबईला 'होय'. तो घ्यायचाच असेल तर धातूच्या दोन्ही खरेदी-विक्रीच्या पावत्या मागा. वेळ, वजन आणि लॉट क्रमांक त्यावर असायला हवेत. तुमच्या वतीने विकण्याचा अधिकार तुम्ही धातू तुमचा होण्याआधीच बिनशर्त देऊन टाकला आहे का, हे पाहा.

१२. नेहमीच्या बँकेची ‘इस्लामी खिडकी’ चालते का?

देशावर अवलंबून. कतारच्या मध्यवर्ती बँकेने २०११मध्ये साध्या बँकांच्या इस्लामी शाखा बंद करायला लावल्या. ओमानमध्ये खिडक्या आहेत, पण हिशेब आणि शाखा वेगळ्या लागतात. खरा प्रश्न पैशांच्या मिसळीचा असतो: खिडकीला कमी पडलेला पैसा मूळ बँक कोणत्या करारावर देते? व्याजावर दिला, तर पुढचं सगळं फोल.

१३. चूक झालीच तर बँकेने काय करायचं असतं?

आधी तो व्यवहार थांबवायचा. मग मंडळासमोर ठेवायचा, कारण शरियतभंग झाला की फक्त कागदाची त्रुटी राहिली हे मंडळ ठरवतं. एक सही राहिली ही त्रुटी. वस्तू कधी बँकेची झालीच नाही, हा भंग. भंग ठरला तर त्या व्यवहारातला नफा उत्पन्नातून काढून दानाला जातो. मुद्दल बँकेचंच राहतं. शक्य असेल तिथे करार योग्य क्रमाने पुन्हा केला जातो. त्यानंतर तशाच जुन्या फाइली उघडून किती ठिकाणी तीच चूक आहे ते मोजायचं. इथे बँका हात आखडतात, कारण मोजलं की नफा कमी होतो.

मलेशियाच्या २०१३च्या कायद्यात कलम २८ नुसार मध्यवर्ती बँकेला ताबडतोब कळवावं लागतं आणि ३० दिवसांत सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो. त्या कलमाच्या भंगासाठी आठ वर्षांपर्यंत कैद किंवा अडीच कोटी रिंगिटपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इतकी कडक शिक्षा इतरत्र विरळा.

१४. भारतीय शेअर घेताना ‘पाच टक्के’ म्हणतात ते काय? मग कळंगुटच्या बारवाल्या हॉटेललाही पैसे देता येतील?

दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते.

शेअरसाठी आओइफीचं मानक क्र. २१ सांगतं: कंपनीचा मूळ धंदा हलाल हवा. व्याजी कर्ज बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांच्या आत, व्याजी ठेवीही ३० टक्क्यांच्या आत, आणि निषिद्ध उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आत. काही निर्देशांक कर्जासाठी ३३ टक्के आणि अनेक महिन्यांची सरासरी धरतात, म्हणून एकच कंपनी एका यादीत असते आणि दुसरीत नसते. कॅसिनो चालवणारी कंपनी पहिल्याच अटीत बाद होते. तिथे टक्के मोजायची गरज नाही.

५ टक्क्यांच्या आतलं उत्पन्नही ठेवून घ्यायचं नसतं. समजा कंपनीचं निषिद्ध उत्पन्न ६ कोटी रुपये आणि शेअर ३ कोटी. प्रतिशेअर २ रुपये झाले. वर्षअखेरीला तुमच्याकडे १०० शेअर असतील तर २०० रुपये दान करा, लाभांश मिळाला असो वा नसो. काही फंड फक्त लाभांशाच्या प्रमाणात काढतात. ती दुसरी पद्धत.

हॉटेलला थेट अर्थसाहाय्य देताना ही सूट लागू नाही. ती बाजारातल्या शेअरपुरती सोय आहे. बारची जागा इजाराने देणं किंवा दारूसाठा मुराबहाने विकणं कितीही छोटं असलं तरी वर्ज्य. खोल्यांचं फर्निचर किंवा सौर पॅनेल यांवर काही मंडळं परवानगी देतात, काही धंद्याचा मुख्य स्रोत पाहून नाकारतात.

१५. गोव्यात मुस्लिम वैयक्तिक कायदा लागू नाही म्हणतात. त्याचा इथे काय संबंध?

बराच आहे. १९३७चा शरियत कायदा गोव्यात लागू केलेला नाही. इथे १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा सर्व धर्मीयांना लागू आहे, आणि वारसाहक्काला आता २०१२चा गोवा उत्तराधिकार कायदा. म्हणून इथल्या व्यवहारात शरियत आपोआप येत नाही. करारात लिहाल तेवढीच येते, तीही कायद्याला धरून.

व्यवहारातला अर्थ असा. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक असते, म्हणून स्थावर मालमत्ता विकताना दोघांच्या सह्या लागतात. भावाभावांत किंवा मित्रामित्रांत घटत्या भागीदारीने (मुशारका, ज्यात एकजण दुसऱ्याचा हिस्सा हळूहळू विकत घेतो) घर घेणाऱ्यांनी जोडीदारांना करारात घेतलं नाही, तर पुढे हिस्सा हस्तांतरित करताना सब-रजिस्ट्रारकडे काम अडतं. प्रत्येक हस्तांतरणावर मुद्रांक शुल्क लागतं, तेही आधी मोजा. ब्रिटनने २००३मध्ये अशा दुहेरी शुल्कातून सूट दिली. आपल्याकडे तशी सूट नाही.

१६. वाद कोर्टात गेला तर न्यायाधीश शरियत लावतो का?

करार इंग्लिश कायद्याखाली असेल, आणि मोठे आखाती करार बहुधा असतात, तर नाही. शामिल बँक विरुद्ध बेक्सिम्को (२००४) या खटल्यात करारात 'शरियतच्या तत्त्वांना अधीन' असे शब्द होते. तरी लंडनच्या अपील न्यायालयाने सांगितलं की करार एखाद्या देशाच्या कायद्यानेच चालतो. २०१७मध्ये अमिरातीतल्या दाना गॅसने आपलेच ७० कोटी डॉलरचे सुकूक (इस्लामी रोखे) शरियतनुसार नाहीत म्हणून पैसे थांबवले. लंडनच्या उच्च न्यायालयाने इंग्लिश कायद्याखालचं खरेदीचं हमीपत्र वैध ठरवलं. तेव्हापासून करारांत 'शरियतभंगाचा बचाव घेणार नाही' असं कलम सर्रास दिसतं. मलेशियात उलट: तिथे न्यायालयालाही शरियत सल्लागार परिषदेचा (प्रश्न ४ मधलं मध्यवर्ती बँकेचं वरिष्ठ मंडळ) निर्णय बांधतो.

१७. मी हिंदू आहे (किंवा ख्रिस्ती). अशा बँकेत खातं, कर्ज, नोकरी चालते?

चालते. ग्राहकाच्या धर्माची अट नसते. नोकरीत शरियत मंडळ सोडलं तर बहुतेक पदं सर्वांना खुली असतात. फक्त प्रश्न ६ मधला क्रम पाठ हवा.

१८. माझ्या एनआरई बचत खात्यावर व्याज जमा होतं. काय करू?

एनआरई खातं चालू खातं म्हणूनही उघडता येतं, त्यावर व्याज नाही. बचत खातंच ठेवायचं असेल तर दर तिमाहीला जमा झालेली रक्कम टिपून ठेवा आणि गरजूंना द्या, असं बहुतेक विद्वान सांगतात. ती स्वतःसाठी वापरायची नाही आणि जकातीतही (मुस्लिमांच्या सक्तीच्या दानात) धरायची नाही. आयकराचे नियम वेगळे, ते सीएला विचारा.

१९. व्हॉट्सॲपवर ‘हलाल गुंतवणूक, दरमहा ३ टक्के नक्की’ असं आलंय. फतवाही जोडलाय. भरू का?

नका. 'दरमहा नक्की' आणि 'भागीदारी' हे दोन शब्द एका वाक्यात बसत नाहीत. का ते प्रश्न १० मध्ये आहे. बंगळुरूची आय मॉनेटरी ॲडव्हायझरी अशाच हलाल नावाखाली पैसे गोळा करत होती. २०१९मध्ये ती कोसळली आणि हजारो ठेवीदार अडकले.

फतवा असेल तर त्यावर योजनेचं नाव, तारीख, सह्या आणि कोणता करार तपासला हे आहे का पाहा. कंपनीला एखाद्या विद्वानाने दिलेल्या शुभेच्छा म्हणजे फतवा नव्हे. मग सेबी किंवा रिझर्व्ह बँकेची नोंदणी विचारा. 'सोसायटी आहे' म्हणाले तर सहकार निबंधकांकडे सभासदत्वाचे नियम बघा. नोंदणीविना ठेवी घेणं २०१९च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याखाली गुन्हा आहे. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर आणि पोलिसांत करता येते. पैसे भरले असतील तर पावत्या, बँकेचं स्टेटमेंट आणि तो मूळ मेसेज, पाठवणाऱ्याच्या क्रमांकासह, आधी जपून ठेवा.